घरी परतण्याचे दुखणे

१६ एप्रिल २०१५ रोजी कॅलिफोर्नियातील अॅनाहाइम येथे 'स्टार वॉर्स'च्या चाहत्यांचा मेळावा भरला होता. त्याच वर्षअखेर प्रदर्शित व्हावयाच्या 'द फोर्स अवेकन्स' या चित्रपटाची जेमतेम दोन मिनिटांची झलक तेथे दाखवण्यात आली. झलक संपत आली असताना पडदा काळा झाला, आणि मग केस पिकलेला हान सोलो आपल्या केसाळ सोबत्यासह एका जुनाट यानात उभा दिसला. आपण घरी आलो, एवढेच काय ते तो म्हणतो. सभागृहातली माणसे ओरडली, आणि पुष्कळजण रडलेही. पुढच्या काही दिवसांत जगभरच्या असंख्य लोकांनी ही झलक पाहतानाचे स्वतःचे चेहरे चित्रित केले आणि तेही इतरांना दाखवले. त्या चेहऱ्यांत संसारी, नोकरदार, चाळिशी उलटलेल्या माणसांची संख्या लक्षणीय होती. ज्या चित्रपटाचे एकही दृश्य अद्याप सलग पाहिलेले नाही, त्याने माणसे रडतात याचा अर्थ काय लावायचा? रडू त्या चित्रपटाचे नव्हतेच, हे उघड आहे. ते कुठून आले याचा शोध घेताना आम्हाला बरेच मागे जावे लागले.

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द १६८८ साली योहानेस होफर या तरुण वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझल येथील आपल्या प्रबंधात घडवला. ग्रीक भाषेतील घरी परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन शब्द त्याने जोडले. मायदेशापासून दूर पडलेल्या स्विस माणसांना जडणाऱ्या एका व्याधीचे ते नाव होते. मराठीत त्यासाठी 'स्मरणरंजन' हा शब्द रूढ झाला. शब्द सुरेख आहे. तथापि त्यात मूळची वेदना गळून गेली आणि रंजन तेवढे उरले. 'स्टार वॉर्स'च्या चाहत्यांनी २०१५च्या चित्रपटाला दिलेला प्रतिसाद समजून घ्यायचा तर हे दोन्ही शब्द हाताशी असावे लागतात. चित्रपटगृहात त्यांना जे लाभले ते स्मरणरंजन. बाहेर पडल्यावर आठवड्याभरात जे सुरू झाले ते मात्र होफरचे दुखणे.

येथे एक गोष्ट सहसा विसरली जाते. २५ मे १९७७ रोजी प्रदर्शित झालेला पहिला 'स्टार वॉर्स' हा स्वतःच स्मरणरंजनाचा चित्रपट होता. १९४४ साली जन्मलेले जॉर्ज ल्यूकस हे 'फ्लॅश गॉर्डन'सारख्या जुन्या साहसी मालिका पाहत वाढले. त्यांना खरे तर 'फ्लॅश गॉर्डन'च करायचा होता. हक्क मिळाले नाहीत म्हणून त्यांनी स्वतःची कथा रचली. आरंभी पडद्यावर खालून वर सरकत जाणारा मजकूर, एका दृश्याला पुसत दुसरे दृश्य येण्याची तऱ्हा, ऐन संकटात तुटणारे प्रसंग, हे सारे त्या मालिकांचे देणे. फ्रेडरिक जेमसन या समीक्षकाने १९८०च्या दशकाच्या आरंभीच या चित्रपटाची गणना स्मरणरंजनपर चित्रपटांत केली होती. त्याचा युक्तिवाद असा, की हा चित्रपट भूतकाळाचे चित्र रंगवत नाही, तर भूतकाळातला एक अनुभव, म्हणजे शनिवारच्या दुपारी पाहिलेल्या मालिकांचा अनुभव, पुन्हा हाती देतो. ज्यांनी त्या मालिका कधी पाहिल्या नव्हत्या अशा मुलांना मात्र हाच चित्रपट आदिग्रंथ वाटला. एका पिढीची आठवण दुसऱ्या पिढीची उगमकथा झाली. पुढे घडलेल्या सगळ्या रामायणाचे बीज आम्हाला येथे दिसते.

आदिग्रंथ म्हटला की पाठभेद आले. १९७७च्या मूळ चित्रपटाला ना क्रमांक होता ना उपशीर्षक. 'भाग चौथा' आणि 'अ न्यू होप' ही अक्षरे १९८१च्या पुनःप्रदर्शनाच्या वेळी त्यात घातली गेली. १९९७ साली ल्यूकस यांनी तिन्ही चित्रपटांच्या 'विशेष आवृत्त्या' काढल्या, त्यांत संगणकाने घडवलेले प्राणी आणि नवी दृश्ये घुसवली, आणि एका प्रसंगात असा बदल केला की त्यावरचा वाद आजही शमलेला नाही. मूळ चित्रपटात खाणावळीत समोर बसलेल्या मारेकऱ्याला हान सोलो सरळ गोळी घालतो. नव्या पाठात मारेकरी आधी गोळी झाडतो, ती चुकते आणि मग हान प्रत्युत्तर देतो. एका सेकंदाचा फरक! पण त्या सेकंदात पात्राचा स्वभाव बदलतो. स्वार्थी, बेडर चोरटा अखेरीस मित्रांसाठी परत येतो, या प्रवासाचा आरंभबिंदूच पुसला जातो. 'हानने आधी गोळी झाडली' हे वाक्य चाहत्यांनी सदऱ्यांवर छापून घेतले. बाहेरच्यांना तो पोरखेळ वाटला. पाठचिकित्सेचा अभ्यास केलेल्या आमच्या वाचकांना तो तसा वाटणार नाही. २००४ साली तिसऱ्या चित्रपटाच्या शेवटी दिसणाऱ्या पित्याच्या आत्म्याचा चेहराच बदलण्यात आला. वृद्ध नटाच्या जागी नव्या चित्रत्रयीतला तरुण नट आला. गंमत अशी, की याच ल्यूकस यांनी १९८८ साली अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष देताना जुन्या कलाकृतींत फेरफार करणाऱ्यांना रानटी ठरवले होते. मूळ पाठ अधिकृतपणे चांगल्या स्थितीत मिळेनासा झाला, तेव्हा चाहत्यांनीच जुन्या फिल्मप्रती शोधून, एकेक चौकट साफ करून तो पुन्हा उभा केला. कायद्याच्या दृष्टीने ते काम वादग्रस्त, पण निष्ठेच्या दृष्टीने आम्हाला पोथ्या राखणाऱ्यांची आठवण करून देणारे.

लेखक आपल्या संहितेचा मालक खरा. पण ती हजारोंच्या स्मरणात रुजल्यावर किती? हा प्रश्न चित्रपटाच्या फार आधीचा आहे. 'दोन किहोते'चा पहिला भाग १६०५ साली आला. १६१४ साली कुणा भलत्यानेच टोपणनावाने त्याचा उत्तरभाग छापला. संतापलेल्या सर्व्हान्टिसने १६१५ साली स्वतःचा दुसरा भाग प्रसिद्ध केला, आणि त्यात एक अपूर्व युक्ती योजली: या भागातल्या पात्रांनी पहिला भाग वाचलेला आहे! नायक जेथे जातो तेथे त्याचे वाचक त्याला भेटतात. ही युक्ती ध्यानात ठेवावी. ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

१९९९च्या 'द फँटम मेनस'ची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण ती बहुश्रुत आहे. सोळा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर आलेला हा पूर्वकथेचा पहिला चित्रपट. नोव्हेंबर १९९८ मध्ये त्याची झलक दाखवली जात असताना लोक भलत्याच चित्रपटाचे तिकीट काढत, झलक पाहत आणि मुख्य चित्रपट सुरू होताच उठून जात. प्रदर्शनापूर्वी कित्येक आठवडे रांगा लागल्या. आणि मग आली निराशा. व्यापारी कर, शिष्टाई आणि संसदीय कामकाज यांत गुंतलेले कथानक, निर्जीव संवाद, आणि जार जार बिंक्स नावाचे विदूषकी पात्र. त्या पात्रावर वांशिक व्यंग्याचा आक्षेप गंभीर समीक्षकांनीही घेतला होता. पण चाहत्यांचा राग समीक्षेच्या पलीकडे गेला. एका चाहत्याने चित्रपटातली सुमारे वीस मिनिटे छाटून स्वतःची आवृत्ती तयार केली आणि ती हातोहात फिरली. बिंक्सची भूमिका करणारे अहमद बेस्ट हे तेव्हा पंचविशीचे होते. त्या काळात आपण आत्महत्येच्या काठावर पोहोचलो होतो, असे त्यांनी २०१८ साली जाहीरपणे सांगितले. एकोणीस वर्षे हे कुणाला ठाऊक नव्हते.

३० ऑक्टोबर २०१२ रोजी ल्यूकस यांनी आपली संस्था सुमारे चार अब्ज डॉलरना डिस्नेला विकली. एप्रिल २०१४ मध्ये नव्या मालकांनी, दोन दशकांहून अधिक काळ लिहिल्या गेलेल्या कादंबऱ्यांचा आणि चित्रकथांचा सारा संभार अधिकृत कथेबाहेर काढून 'दंतकथा' या शीर्षकाखाली ठेवला. ज्यांनी पौगंडावस्थेत टिमथी झान यांच्या कादंबऱ्यांतून ल्यूक आणि लेयाचे पुढचे आयुष्य वाचले होते, त्यांना एका निवेदनाने सांगितले गेले की ते घडलेच नाही. पडद्यावर परतण्याचा रस्ता असा मोकळा झाला.

'द फोर्स अवेकन्स' १८ डिसेंबर २०१५ रोजी अमेरिकेत झळकला. दिग्दर्शक जे. जे. अब्रॅम्स, पटकथेत १९८०च्या चित्रपटाचे एक लेखक लॉरेन्स कॅस्डन. खरे सेट, खरी वाळू, हाताने हलवलेल्या बाहुल्या, आणि डिजिटलऐवजी फिल्म, हे प्रचारात इतक्यांदा सांगितले गेले की ते जवळजवळ माफीनाम्यासारखे वाटे. चित्रपटातला पहिला संवाद एका वृद्धाच्या तोंडी आहे. आता गोष्टी सुधारायला लागतील, अशा आशयाचा. अनेक चाहत्यांनी तो पूर्वकथांबद्दलचा खुलासा म्हणूनच ऐकला.

भारतात हा चित्रपट आठवडाभर उशिरा, २५ डिसेंबरला आला. १८ डिसेंबरला येथे 'दिलवाले' आणि 'बाजीराव मस्तानी' झळकले होते. ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'वर आधारलेल्या त्या दुसऱ्या चित्रपटात काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या म्हणून त्याच आठवड्यात महाराष्ट्रात केवढा गदारोळ चालू होता, हे वाचकांना आठवत असेल. आपल्या मनातली काशीबाई अशी नाचणार नाही, हा तो आक्षेप. तेव्हा अमेरिकी चाहत्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही. असो.

चित्रपट पाहताना आमच्यापैकी काहीजण भारावून गेलो होतो हे कबूल केले पाहिजे. जगभर त्याने दोन अब्ज डॉलरहून अधिक कमावले, आणि आरंभीचा प्रतिसाद निव्वळ आनंदाचा होता. कुरकुर सुरू झाली ती दुसऱ्यांदा पाहून आलेल्यांकडून. वाळवंटी ग्रहावरचे एकाकी तरुण पात्र, गुपित पोटात घेऊन हिंडणारा छोटा यंत्रमानव, चित्रविचित्र प्राण्यांची खाणावळ, ग्रह नष्ट करणारे प्रचंड गोलाकार शस्त्र आणि त्यातला नेमका एक कच्चा दुवा, वडीलधाऱ्याचा तरुणांच्या डोळ्यांदेखत मृत्यू. हे सारे १९७७चेच! ल्यूकस यांनी स्वतः एका मुलाखतीत, नव्या मालकांना जुन्या वळणाचा चित्रपट हवा होता आणि ते आपल्याला रुचले नाही, अशा अर्थाची नापसंती व्यक्त केली. जे चाहते सोळा वर्षे ल्यूकस यांना शिव्या देत होते, त्यांतल्या काहींना आता वाटू लागले की त्या माणसाच्या फसलेल्या चित्रपटांत निदान काही नवे होते.

ही कुरकुर आम्हाला अर्धीच खरी वाटते. कथेचा सांगाडा उसना आहे, वादच नाही. पण सर्व्हान्टिसची युक्ती येथे परत आली आहे, आणि ती पुष्कळांच्या नजरेतून निसटली. या चित्रपटातल्या तरुण पात्रांनी जणू आधीचे चित्रपट पाहिलेले आहेत. रे ही भंगार वेचणारी मुलगी जुन्या युद्धातल्या कोसळलेल्या यंत्राच्या सांगाड्यात राहते आणि एका मृत सैनिकाचे शिरस्त्राण डोक्यावर चढवून जेवायला बसते. ल्यूक स्कायवॉकर ही तिला दंतकथा वाटते. ते सारे खरे होते, असे तिला हान सोलो सांगतो. आणि दुसऱ्या टोकाला कायलो रेन. आजोबा डार्थ व्हेडर यांचे जळून वितळलेले शिरस्त्राण त्याने देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखे जपले आहे. त्याला श्वसनाचा कोणताही विकार नाही, तरी तो मुखवटा घालतो. मनासारखे झाले नाही की तलवारीने यंत्रांची खांडोळी करतो. रे आणि कायलो हे दोघेही चाहतेच. एकीला वारसा सापडतो, दुसरा त्यावर हक्क सांगतो. चाहत्यांना आरसा दाखवला गेला होता. त्यांनी त्यात आपले बालपण तेवढे पाहिले.

शेवटच्या दृश्यात रे एका बेटाच्या माथ्यावर चढते आणि तेथे एकांतात राहणाऱ्या ल्यूकपुढे त्याची जुनी तलवार धरते. तो वळून पाहतो, आणि चित्रपट संपतो. पुढची दोन वर्षे त्या दृश्याचे उत्तर प्रत्येकाने आपापल्या मनात लिहिले. १५ डिसेंबर २०१७ रोजी आलेल्या 'द लास्ट जेडाय'मध्ये दिग्दर्शक रायन जॉन्सन यांनी आपले उत्तर दिले: ल्यूक तलवार घेतो आणि खांद्यावरून मागे भिरकावून देतो.

त्यानंतरचा उद्रेक अभूतपूर्व होता. समीक्षकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी चित्रपट वाखाणला. आंतरजालावरील प्रेक्षकांच्या मतदानात अनुकूल मते निम्म्याहूनही कमी भरली. चित्रपट अधिकृत कथेतून वगळावा अशा मागणीवर लाखाहून अधिक सह्या झाल्या. या आकड्यांवर किती विसंबायचे हा प्रश्नच आहे. मॉर्टन बे या अभ्यासकाने २०१८ साली जॉन्सन यांना उद्देशून लिहिलेल्या ९६७ ट्वीट्स तपासल्या, तेव्हा प्रतिकूल निघाल्या सुमारे बावीस टक्के, आणि त्यांतल्याही जवळपास निम्म्या राजकीय हेतूने किंवा यंत्रवत लिहिल्या गेल्यासारख्या होत्या. म्हणजे चाहत्यांच्या रागात परक्यांनीही आपली पोळी भाजून घेतली. पण सगळाच राग भाडोत्री होता असे म्हणून सुटका नाही. ल्यूकची भूमिका करणाऱ्या मार्क हॅमिल यांनीही, आपल्याला ठाऊक असलेला ल्यूक हा नव्हे, अशी खंत बोलून दाखवली होती. ज्याने पित्यातला सैतान पाहूनही आशा सोडली नाही, तो झोपलेल्या भाच्यावर क्षणभर का होईना तलवार उगारेल? हा आक्षेप पात्रसंगतीचा आहे, रास्त आहे, आणि कोणत्याही कादंबरीच्या संदर्भात आपण तो ऐकून घेतला असता.

रास्त नव्हते ते दुसरेच. 'भूतकाळाला मरू दे' अशा आशयाचे एक वाक्य या चित्रपटात आहे, आणि रागावलेल्या चाहत्यांनी ते दिग्दर्शकाचा जाहीरनामा म्हणून उद्धृत केले. ते वाक्य बोलतो कायलो रेन, म्हणजे खलपात्र. आणि चित्रपट त्याला खोटे पाडतो. प्राचीन ग्रंथ झाडासकट जळाले असे वाटते, पण रेने ते आधीच सोबत नेलेले असतात. पात्राचे बोलणे ते लेखकाचे मत, ही चूक आपल्या वर्गांत पहिल्या वर्षाचे विद्यार्थी करतात. येथे ती चाळीस वर्षे संहिता घोकलेल्यांनी केली.

आणि पुन्हा एका नटाने किंमत मोजली. व्हिएतनामी निर्वासितांची कन्या असलेल्या केली मारी ट्रॅन यांनी या चित्रपटात रोझ ही मोठी भूमिका केली होती. वंश, रूप, स्त्रीत्व यांवरून त्यांचा महिनोन्‌महिने छळ झाला. जून २०१८ मध्ये त्यांनी आपल्या इन्स्टाग्राम खात्यावरील सारा मजकूर पुसून टाकला, आणि ऑगस्टमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये एक निबंध लिहून, आपण त्या शब्दांवर हळूहळू विश्वास ठेवू लागलो होतो हे सांगितले. फिनची भूमिका करणाऱ्या जॉन बोयेगा यांच्या कृष्णवर्णावरून तर २०१४च्या पहिल्या झलकेपासूनच गरळ ओकली गेली होती. हे सारे मूठभरांचे काम, असे नेहमी सांगतात. असेल. पण मूठभरांनी बोलावे आणि इतरांनी पात्रसंगतीची चर्चा चालू ठेवावी, हेही घडले.

मालकांनी कोणाचे ऐकले ते डिसेंबर २०१९ मध्ये दिसले. अब्रॅम्स परत आले. 'द राइज ऑफ स्कायवॉकर'मध्ये १९८३ साली खोल विवरात पडून मेलेला सम्राट पाल्पाटीन आरंभीच्या मजकुरातच जिवंत झाला. भिरकावलेल्या तलवारीबद्दल ल्यूकच्या आत्म्याने दिलगिरीवजा वाक्य उच्चारले. रोझच्या वाट्याला दीड मिनिटाहूनही कमी वेळ आला. चाहत्यांना हवे ते सर्व होते, आणि तरी तो चित्रपट पाहून कुणी रडल्याचे आमच्या ऐकिवात नाही. चौकशी करून वाढलेल्या जेवणासारखी त्याची चव होती.

दरम्यान १९९९ साली आठ-दहा वर्षांची असलेली मुले मोठी झाली होती. त्यांचा आदिग्रंथ १९७७चा नव्हता. ज्या चित्रपटांनी त्यांच्या आईवडिलांना निराश केले, तेच त्यांचे बालपण होते. २०२२च्या 'ओबी-वान केनोबी' मालिकेत पूर्वकथांतले नट परतले तेव्हा त्यांचे स्वागत झाले, आणि मे २०२४ मध्ये 'द फँटम मेनस' पंचवीस वर्षांनी पुन्हा चित्रपटगृहांत लागला. त्याआधी, मार्च २०२३ मध्ये, 'द मँडॅलोरियन' मालिकेच्या एका भागात एक जेडाय योद्धा दोन्ही हातांत तलवारी घेऊन शत्रूंशी लढतो आणि एका लहानग्याला मृत्यूच्या दाढेतून सोडवून नेतो. प्रसंग काही मिनिटांचाच आहे. योद्ध्याला मुखवटा नाही, संगणकाने घडवलेले लांब कान नाहीत. चेहरा स्वच्छ दिसतो. तो चेहरा अहमद बेस्ट यांचा आहे.